कावेरीकाठचे बारा महिने

तिरुवैयारुस त्यागराजस्वामींच्या समाधीजवळ, कावेरीच्या घाटावर बसले की मला आमच्या पूर्वजांचा हेवा वाटतो. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांमागून मराठी मंडळी तंजावर प्रांती आली नि इथलीच झाली. ‘किती महिने राहिलात?’ असे त्यांना कोणी पुसले नसावे.

माझी बहीण व मेहुणे परदेशाचे नागरिक झाले होते. गेल्या आषाढात ते कन्येसह परतले. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे, पूर्वी भारतीय असलेल्या प्रौढ माणसाने नोंदणीच्या अर्जापूर्वी लगतचे बारा महिने येथे वास्तव्य केलेले असावे लागते. नागरिकांच्या अज्ञान अपत्यांना वास्तव्याची अट नाही. अट आहे ती वयाची. अठरा वर्षे पुरी झाली की ती वाट बंद!

भाची सतरा सरून चालली आहे. आईबाप नागरिक होईतो ती सज्ञान होईल. मग तिला स्वतःचे बारा महिने दाखवून वेगळा अर्ज करावा लागेल. आणि तिकडच्या महाविद्यालयाचे बोलावणे तर आलेले!

काल ती घाटावर म्हणाली, “मावशी, मी वर्षभर राहते.”

परतू पाहणाऱ्या आईबापांनो, आपले महिने मोजण्याआधी मुलांची वये मोजा.