लेपाखालचे संत्रे

वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात आंबिया बहाराची संत्री उतरू लागली, की अडत्याची नजर प्रथम खिळते ती फळाच्या चकाकीवर. आणि ज्या हुन्नरात माझी उमेदीची वर्षे खर्च झाली त्या फळांवरील लेपाच्या हुन्नराविषयी लोकांत जे गैरसमज रूढ आहेत, त्यांचे मूळ या चकाकीच्या मोहातच आहे, असे माझे मत झाले आहे.

झाडावरून उतरविलेले संत्रे निर्जीव नसते; ते प्राणवायू घेते, कर्बवायू सोडते, सालीवाटे पाणी गमावीत राहते, आणि निसर्गाने त्याच्या सालीवर दिलेले मेणाचे सूक्ष्म आवरण धुण्यापुसण्यात झिजले म्हणजे अधिकच लवकर सुकते. त्या झिजेची भरपाई करणे, एवढेच लेपाचे प्रयोजन. मधमाशीच्या मेणाचा पाण्यात कालविलेला पातळ लेप बाष्प अडवितो, पण वायूंची ये-जा पुष्कळशी मोकळी ठेवतो. उलटपक्षी पळस-कुसुमावरील कीटकांपासून मिळणारी लाख फळाला अप्रतिम झळाळी आणते खरी; परंतु तिचा थर जाड बसला, तर फळाचे श्वसन कोंडते, आत मद्यार्क साठतो, आणि सोललेली फोड जिभेवर ठेवताच एक उग्र, आंबूस वास येतो. बाजाराने झळाळीला भाव द्यावा आणि त्याची किंमत खाणाराच्या जिभेने मोजावी, हा व्यवहार मला अन्यायाचा वाटतो.

बुरशीचा बंदोबस्त मात्र लेपाच्या पुष्कळ आधी, तोडणीच्या वेळीच व्हावयास हवा. पेनिसिलियम डिजिटॅटम नावाची हिरवी बुरशी सालीच्या जखमेवाटे आत शिरते. म्हणून फळ ओढून न तोडता कात्रीने देठाशी कापावे, आणि तोडणाऱ्याची नखे कापलेली असावीत, याविषयी मी फार काटेकोर असतो. एकदा आत रुजलेल्या बुरशीवर मेणाचा काही इलाज चालत नाही.

कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेले कायटोसान या बाबतीत निराळे: सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवून त्याचे शेकडा 1 च्या सुमाराचे द्रावण फळावर चढविले, तर ते बुरशीची वाढ स्वतःच रोखते, शिवाय सालीची अंगभूत प्रतिकारशक्तीही जागवते. माझा ओढा आता तिकडे आहे. मात्र लाख काय, कायटोसान काय, दोन्ही प्राणिजन्य असल्यामुळे शाकाहारी गिऱ्हाइकाला त्याची स्पष्ट वर्दी पेटीवरच लिहून दिली पाहिजे, असा माझा आग्रह आहे.