काटा साठवर

जुन्या पिकअपचं अ‍ॅव्हरेज पडलं की दोष इंजिनाचा आणि इलाज मेस्त्रीकडे, यावर माझा वर्षानुवर्षं पक्का विश्वास होता. नोझल काढा, पंप कॅलिब्रेट करून आणा, टाकीत कसलीशी बाटली ओता. आमची बोलेरो पिकअप जुनी, 2523 सीसीच्या डिझेल इंजिनाची. नाशिकहून भाजी भरून वाशीच्या मार्केटला जायचं, हेच तिचं काम. तिच्यामुळेच माझं मत बदललं. सर्व्हिसिंग वेळेवर हवंच. सायलेन्सरमधून काळा धूर येत असेल तर नोझल आणि एअर फिल्टर दाखवलेच पाहिजेत, कारण तो धूर म्हणजे धड न जळलेलं डिझेल. पण गाडी ठणठणीत असूनही हायवेवर अ‍ॅव्हरेज मिळत नसेल, तर आधी स्पीडोमीटरकडे बघावं, असं आता मला वाटतं.

वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठवरून ऐंशीवर गेलं की तो जवळपास पावणेदोन पट होतो, आणि त्याला रेटायला लागणारी ताकद सव्वादोन पटीच्याही वर जाते. त्यात पिकअपचं तोंड सपाट. केबिनच्या वर कॅरेटचे दोन थर चढलेले, त्यावर ताडपत्री ढिली. तिची फडफड केबिनमध्ये ऐकू येत असेल तर तिथेही डिझेल जातंय. मी आता दोरी पुन्हा आवळल्याशिवाय पुढे जात नाही, आणि जमेल तेव्हा कॅरेट उंच रचण्याऐवजी हौद्यात पसरून लावतो.

ताशी 45 ते 55 किलोमीटरने गाडी चालवा, असं पीसीआरए म्हणजे केंद्र सरकारची इंधन बचतीचं काम करणारी संस्था कधीपासून सांगते आहे. धंदा न करणाऱ्यांचा सल्ला म्हणून मी तो सोडून द्यायचो. पंचावन्न मला अजूनही जमत नाही, मागून ट्रेलर अंगावर येतात. साठ मात्र डाव्या लेनने निवांत जमतं. मोकळ्या रस्त्याचे शंभर किलोमीटर धरले तर ऐंशीने सव्वा तास लागतो, साठने एक तास चाळीस मिनिटं. पंचवीस मिनिटं आधी निघालं की झालं. टाकी फुल ते टाकी फुल, त्याच पंपावर, असा हिशोब ठेवला तेव्हा लिटरला बाराच्या आसपास असलेलं अ‍ॅव्हरेज साडेतेराकडे सरकलं. त्यासाठी इंजिनाचा एक नटही फिरवावा लागला नाही.

सगळ्यात उशिरा सुटली ती घाटातली सवय. घाटनदेवीच्या पुढे कसाऱ्याचा उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, डिझेल वाचतं, हे आमच्या लाइनवर सगळेच मानतात, मीही मानायचो. खरं तर गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल सोडणं बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरतं डिझेल जळतच राहतं. म्हणजे बचत नाहीच, वर भरलेल्या गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर. तापलेले लायनर पकड सोडायला लागले की पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. ज्या गिअरने हा घाट चढावा लागतो, त्याच गिअरने मी आता तो उतरतो.

टायरच्या हवेबद्दलही सांगतो. हवा सकाळी, टायर थंड असताना बघावी. शंभर किलोमीटर पळून तापलेल्या टायरचं प्रेशर वाढलेलं दिसतं आणि कमी हवा पुरेशी वाटते. कमी हवेचा टायर रस्त्याला जास्त बसतो, गाडी जड ओढते आणि टायरच्या कडा आधी झिजतात. लोड भरायचा असेल तर मागच्या टायरांची हवा कंपनीने लोडसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरून घ्यावी.

गाडीमालकांना आणि माल पाठवणाऱ्या शेतकऱ्यांना माझी एक विनंती आहे. ड्रायव्हरला अर्धा तास आधी सोडा. उशिरा भरून दिलेली गाडी वाशीला वेळेत पोचवायची तर तो ऐंशीच्या खाली येणार नाही, आणि त्याचं डिझेल तुमच्याच भाड्यातून जाईल.