पिशवीच्या तोंडाचा रिपोर्ट

शेजारच्या वहिनी सांगलीहून रिपोर्ट घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात आल्या. माधवनगरात मागांची खडखड चालू असताना कुजबुजायची गरज नसते, तरी त्या कुजबुजल्या, "पिशवीच्या तोंडाचा तुकडा तपासायला दिला होता. खराब आलाय." कागदावर होतं सीआयएन १. घरात मात्र कॅन्सर ठरून गेला होता आणि पिशवी काढायचंही.

ही घाई मला भिववते. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, त्याची चौकशी २०१९ मध्ये सरकारला करावी लागली.

तुकडा असतो तांदळाच्या कणीएवढा. आधी गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरमधलंच सौम्य आम्ल लावतात. बिघडलेला भाग पांढरा पडतो, तिथला चिमटा घेतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, अस्तराच्या जाडीत बदल कुठवर चढलेत. तीन हिश्श्यांपैकी तळच्या एकापुरते असले तर सीआयएन १, दोन हिश्श्यांपर्यंत २, त्याच्याही वर गेले तर ३. तिन्हींत अस्तराखालचा पडदा शाबूत असतो. तो ओलांडून पेशी खाली उतरल्या, तरच कॅन्सर. सीआयएन १ बहुतेक वेळा आपसूक ओसरतो, त्यावर लक्ष ठेवायचं असतं. ३ ला उपचार हवेतच, पण तेही बहुधा तेवढाच भाग विजेच्या तारेच्या कड्याने काढून. पिशवी जागेवर राहते. हे सगळं समजावायला पाच मिनिटं पुरतात. वहिनींना ती कुणी दिली नव्हती.

वेळेवर तपासणी आणि उपचार केल्याने काय साधतं, ते बार्शीने दाखवलंय. तिथलं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये छापून आला. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही, म्हणजे या कॅन्सरच्या मुळाशी असणाऱ्या विषाणूची, तपासणी झाली आणि दोष निघालेल्यांचा तुकडा तपासून उपचार वेळेत झाले, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

वहिनींचा खरा प्रश्न उठता उठता आला. "हे कुणामुळे झालं म्हणायचं?" एचपीव्ही शरीरसंबंधातून येतो, पण तो संसार करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी गाठतो, वर्षानुवर्षं गप्पही बसतो, कुणाकडून आला ते कुठलाच रिपोर्ट सांगत नाही. संध्याकाळी हेच मी त्यांच्या नवऱ्याला, दादांना, वहिनींसमोर सांगितलं. पुढच्या तपासणीला तेच त्यांना घेऊन जाणार आहेत.