हिरकणीनंतरची गवळण

रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला राहून मी गडावर येणाऱ्यांसाठी एक छोटी वेबसाइट चालवते आणि त्याच घरात दोन मुलं वाढवते. हे ऐकलं की लोक कौतुक करतात: घरबसल्या काम, शिवाय मुलं डोळ्यांसमोर, आणखी काय हवं? या कौतुकाशी माझा वाद आहे. काम घरात आल्यानं घर आणि कामाची जागा यांतलं अंतर मिटतं, हे खरं. पण मूल आणि काम यांच्यातला तंटा मुळात वेळेचा आहे, आणि वेळेचा तंटा उंबरठ्याच्या आत आणला म्हणून सुटत नाही. बाहेरच्यांना तो दिसेनासा होतो, इतकंच. मग ज्याला तो दिसत नाही तो म्हणतो, ‘घरीच तर असते.’

आधी हे काम काय आहे ते सांगते, कारण वेबसाइट एकदा बनवली की आपली आपण चालते असा समज आहे. बनवणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे दरवर्षी भरले की जागा आपली राहते, पण तिथली माहिती सतत शिळी होत असते. गडावर जायचे दोन मार्ग: चित दरवाजाकडून पायऱ्यांनी, नाहीतर हिरकणीवाडीतून १९९६ साली सुरू झालेल्या रोपवेनं. वारा वाढला की रोपवे थांबतो. अतिवृष्टीचा इशारा आला की प्रशासन पायऱ्यांची वाटही बंद करतं. महाडकडून कोंझरमार्गे येणारा रस्ता अडला तर माणगावकडून निजामपूरमार्गे या, असं वेळेत लिहावं लागतं. कुणाकडे जेवण मिळेल, खोलीचा दर काय, एप्रिल-मेमध्ये मुक्कामाला पुरेसं पाणी असेल का, जिजाऊंचा वाडा आणि समाधी पाहायला किती वेळ धरावा, म्हाताऱ्या आईला रोपवेतून उतरल्यावर किती चालावं लागेल, असे प्रश्न असतात. लोक ते मोबाइलवर मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून शोधतात, पान वाचतात आणि खात्री करायला पुन्हा फोनच करतात. खोल्या आणि घरगुती जेवण देणाऱ्यांकडून थोडे पैसे येतात, जाहिरातींतून त्याहूनही थोडे. घर झाडण्यासारखं हे काम आहे: केलेलं कुणाला दिसत नाही, राहिलेलं लगेच दिसतं. मूल वाढवणंही याच जातीचं. दोन्ही कामं राखणीची, आणि राखणीच्या कामात ‘संपलं’ म्हणून हात धुता येत नाहीत.

हे सगळं सवडीनं करता येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी पाचाडचं वर्ष पाहावं. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, जोडून आलेले शनिवार-रविवार, गडावर गर्दी याच दिवसांत, कारण तेव्हा पुण्या-मुंबईच्या मुलांना सुट्टी असते. पाचाडच्या मुलांनाही बहुतेक वेळा तेव्हाच असते. म्हणजे पर्यटनावर जगणाऱ्या घरात मुलं दिवसभर घरी असण्याचा काळ आणि कामाचा हंगाम हे दरवर्षी न चुकता एकमेकांवर येतात. जूनमध्ये तर सगळंच एकत्र येतं. शिवरायांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. तो तारखेनं साजरा होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीनंही, त्यामुळे गर्दीच्या लाटा दोन. त्यातच १७ जून हा जिजाऊंच्या निधनाचा दिवस, त्यांची समाधी पाचाडलाच. याच दिवसांत पाऊस उतरतो, भाताचा राब पेरायचा असतो, आणि शाळा उघडते म्हणून वह्या, दप्तरं, रेनकोट यांची धावपळ. पुढे मुलं शाळेत जातात तेव्हा पावसाळा भरात असतो, वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाच्या. जुलै २०२१ च्या महापुरात महाडकडची वीज आणि फोन कोलमडले होते. तेवढं मोठं संकट नसलं तरी थोडक्या प्रमाणात हे इथं नेहमीचं आहे. मुलं शाळेत असताना काम उरकावं हा सल्ला शहरातल्या कॅलेंडरवरून आलेला आहे.

आता मिळणाऱ्या वेळेकडे पाहू. दिवसाचे तास मोजले तर मला बराच वेळ मिळतो असं दिसेल. पण तो तुकड्यांत मिळतो, आणि सगळी कामं तुकड्यांत होत नाहीत. फोन घेणं, फोटो चढवणं, दर बदलणं ही कामं मधेच तुटली तरी पुन्हा सांधता येतात. पायऱ्यांच्या वाटेचं नीट वर्णन लिहिणं, बिघडलेलं पान कशामुळे बिघडलं ते शोधणं, दोन ठिकाणांहून आलेल्या परस्परविरोधी माहितीतली खरी कोणती ते ठरवणं, याला सलग डोकं लागतं. वीस-वीस मिनिटांचे सहा तुकडे जोडून दोन तास होतात ते फक्त गणिताच्या वहीत. म्हणून अशी कामं मुलं झोपल्यावर होतात, आणि त्यांची किंमत दुसऱ्या दिवशीच्या चिडचिडीनं चुकती होते. हा माझ्या एकटीच्या शिस्तीचा प्रश्न असता तर मी लिहायला बसले नसते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, १५ ते ५९ वयाच्या ज्या स्त्रिया घरातल्यांची काळजी घेण्याचं बिनपगारी काम करतात, त्या त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटं देतात. असं काम करणारे पुरुष ७४ मिनिटं. बिनपगारी घरकामाची स्त्रियांची सरासरी ३०५ मिनिटं, ती वेगळीच. इतकी मिनिटं ज्या दिवसातून आधीच गेलेली असतात, त्या दिवसात ‘घरबसल्या’ काम बसवायचं म्हणजे ते उरलेल्या फटींतच बसणार.

इथं हिरकणीची आठवण अटळ आहे. रोपवेची वाडी तिच्याच नावाची. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीचा दिवस, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं मूल, आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. आपण या गोष्टीत आईची माया पाहतो, आणि ती आहेच. पण ती गोष्ट एका कामकरी बाईची आहे, हे आपण चटकन विसरतो. ती देवदर्शनाला गेली नव्हती, धंद्याला गेली होती. दरवाजे बंद करण्याचा नियम चुकीचा नव्हता. गडाच्या संरक्षणाला तो हवाच. पण नियम ठरला तेव्हा डोळ्यांसमोर शत्रू होता, पहारेकरी होता. पाजायचं मूल घरी ठेवून आलेली गवळण नव्हती. पुढचा भाग मला त्याहून बोलका वाटतो. तिचा सन्मान झाला आणि ती जिथून उतरली तिथं बुरूज बांधला गेला. बुरूज हे कौतुक होतं, तसाच तो बंदोबस्तही होता: ज्या कड्यावरून एक बाई उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो, म्हणून ती वाट बुजवली. मग हिरकणीनंतर उशीर झालेल्या गवळणीनं काय करायचं? दरवाजे तर त्याच वेळी बंद होणार, आणि आता कडाही मोकळा नाही. धाडसाचं स्मारक झालं, अडचण होती तिथंच राहिली. आई आणि काम यांबद्दल आपण बहुतेक वेळा असंच वागतो. जी कडा उतरते तिला टाळ्या देतो, आणि दरवाजाच्या वेळेविषयी बोलायचं राहून जातं.

माझ्या कामाची अडचण याच्या बरोबर उलटी आहे, पण मूळ तेच. वेबसाइटला दरवाजाच नाही. रात्री अकराला विचारलेला प्रश्नही तिथं पोचतो, आणि उत्तर तासाभरात आलं नाही तर विचारणारा दुसरीकडे जातो. हिरकणीच्या कामाला वेळ होती, ती तिच्या मुलाची वेळ जाणत नव्हती. माझ्या कामाला वेळच नाही, म्हणून ते मुलांच्या प्रत्येक वेळेत शिरतं. दोन्हीकडे कामाची घडी बसवताना मूल हिशेबात धरलेलं नाही.

मूल हिशेबात धरता येतं, याचे दाखले आहेत. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती की कामावर येणाऱ्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर त्या बायकांपैकीच एकीला मुलं सांभाळायचं काम द्यायचं, आणि तिलाही मजुरी द्यायची. मातीकाम करणाऱ्या बाईच्या मुलाकडे पाहणं हेही काम आहे, हे कायद्यानं मान्य केलं. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीनं नोकरदार स्त्रीची रजा बारावरून सव्वीस आठवड्यांवर नेली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. एसटीच्या स्थानकांत स्तनपानासाठी हिरकणी कक्ष झाले. अंमलबजावणी कुठे किती होते हा वेगळा विषय; पण निदान कागदावर मजूर बाई आहे, नोकरदार बाई आहे, प्रवासी बाई आहे. स्वतःच्या घरात स्वतःचं छोटं काम करणारी मात्र यांतल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिला मालक नाही म्हणून रजा नाही, आणि ती घरीच आहे म्हणून पाळणाघराची गरज नाही असं धरलं जातं. अंगणवाडी आहे, पण ती थोड्या तासांची आणि लहान मुलांची. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या मे महिन्याचं काय, याचं उत्तर तिच्याकडे नाही.

यावर पहिला आक्षेप मला नेहमी रास्त वाटतो. गडाच्या पायऱ्यांवर ताक, लिंबू सरबत घेऊन बसणाऱ्या बाया रोज ओझं वर चढवतात. त्यांच्यापुढे पंख्याखाली बसून टाइप करणाऱ्या बाईनं तक्रार करावी का? कष्टांची तुलना केली तर करूच नये. त्यांचं काम माझ्यापेक्षा शतपट कठीण आहे. पण या तुलनेतून निष्कर्ष उलटा निघतो. त्यांचा हंगामही मुलांच्या सुट्टीतलाच आहे, त्यांनाही रजा नाही आणि पाळणाघर नाही. सुट्टीच्या दिवसांत गावात मुलांसाठी सांभाळाची सोय झाली, तर पहिला उपयोग त्यांनाच होईल. मी त्यांच्यापेक्षा बऱ्या स्थितीत आहे म्हणून गप्प बसले, तर त्यांचा प्रश्नही तेवढाच मुका राहतो.

दुसरा आक्षेप घरातला: सासू-सासरे कशासाठी आहेत? महाड-पोलादपूरकडची कित्येक घरं पिढ्यान्‌पिढ्या अशीच चालली, पुरुष मुंबईला आणि मागं म्हातारी माणसं, बायका, मुलं. पूर्वी घर मनीऑर्डरवर चालायचं, आता खात्यावर पैसे येतात. माणसं मात्र तिकडेच. आजी-आजोबांचा आधार खरा आहे, आणि त्यावाचून माझ्यासारखीचं काम एक हंगामही टिकणार नाही. पण ज्यांना सकाळच्या गोळ्या आठवणीनं द्याव्या लागतात, त्यांच्यावर दिवसभर दोन मुलं सोपवणं म्हणजे सांभाळाचं ओझं उतरवणं नव्हे, ते एका थकलेल्या खांद्यावरून दुसऱ्या थकलेल्या खांद्यावर देणं. शिवाय या सल्ल्यात आजी असते, आई असते. बाप सुट्टीला आलेला पाहुणाच राहतो. हिरकणीच्या गोष्टीतही मुलाचा बाप त्या रात्री कुठे होता, हे आपण सहसा विचारत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: कमाई किती, आणि त्यासाठी केवढा हा खटाटोप? कमाई थोडी आहे. पण कामाचं मोल फक्त माझ्या खात्यावरून ठरत नाही. जुलै २०२४ मध्ये रायगडावर इतका पाऊस कोसळला की पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे वाहिले, पर्यटक अडकले आणि गड बंद करावा लागला. अशा दिवशी ‘आज येऊ नका’ हे योग्य वेळी लिहिलेलं वाक्य कुणाच्या तरी जिवाशी जोडलेलं असतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा काळातल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात रायगड आहे. पायथ्याच्या गावाकडून चोख माहितीची अपेक्षा आता आणखी धरली जाणार. ही माहिती लांबच्या शहरातली एखादी कंपनी देऊ शकेल, पण आज ढग कुठवर उतरलेत हे तिला पाचाडमधल्याच कुणाला तरी विचारावं लागेल. कमाई थोडी असली तरी मुलं आईला काम करताना पाहून शिकतात, असंही सांत्वन केलं जातं. शिकतात, खरं आहे. पण माती कालवणाऱ्या हातांत मुलाला काम दिसतं. स्क्रीनकडे पाहणाऱ्या आईत त्याला फक्त आपल्याकडे न पाहणारी आई दिसते. म्हणून काम करते म्हणजे काय करते, हे मुलांना उघड दाखवावं लागतं. नकाशावर त्यांच्याच शाळेचा रस्ता दाखवला की त्यांना तो धंदा कळतो.

यावर माझ्यापुरता मी काढलेला मार्ग साधा आहे. वेबसाइटला दरवाजा बसवला. उत्तरं कोणत्या वेळात मिळतील ते पहिल्याच पानावर लिहिलं. रोपवे किंवा वाट बंद असल्याची सूचना तेवढी कुठल्याही वेळी जाते. घरातही त्या वेळात आई कामावर आहे असंच सांगितलं जातं, आणि ताट-पाणी, अभ्यास, दार उघडणं हे तेव्हा घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाकडे, बाप घरी असेल तर त्याच्याकडे. काही चौकशा यानं हातच्या जातात. पण ती गळती मला मंजूर आहे, कारण तिचा हिशेब दिसतो. आधी जे गळत होतं ते कुणाच्याच वहीत लिहिलं जात नव्हतं. मात्र ही सोय माझ्या एका घराची झाली, आणि एकेका घरानं आपापली सोय करत राहणं म्हणजे एकेकीनं आपापला कडा उतरणंच. गडावरच्या गर्दीतून या गावाला उत्पन्न मिळतं. त्यातला थोडा हिस्सा मे महिन्यात आणि दिवाळीत शाळेच्याच खोल्यांत मुलांसाठी दुपारचा सांभाळवर्ग चालवायला लावता येईल. सांभाळणारीला रोजगार हमीच्या तत्त्वानं मजुरी देता येईल. ग्रामसभेत रस्ता, पाणी, पार्किंग हे विषय येतात, कारण त्यांच्यावाचून पर्यटन चालत नाही. मुलांच्या सांभाळावाचूनही ते चालत नाही. आजवर त्याचं बिल बायकांच्या झोपेतून भरलं गेलं, म्हणून तो विषय पत्रिकेवर आला नाही. तो लिहून द्यायला हवा, पार्किंगच्या शेजारच्याच ओळीत.