फळीचा कान

मराठीत ‘हँडल’ला प्रतिशब्द नाही, असं आमच्या शाखेतल्या एका साहेबांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत जाहीर केलं. साहेबांचं बोलणं क्लार्कने खोडायचं नसतं, म्हणून मी डब्यातली भेंडीची भाजी निमूटपणे संपवली. पण मनात मोजत होतो. कढईला कान असतात. पळीला दांडा असतो. छत्रीला मूठ, बादलीला कडी, पिशवीला बंद, जात्याला खुंटा. एकही प्रतिशब्द नाही कसा? चांगले अर्धा डझन आहेत! आपल्या वाडवडिलांनी कोणती वस्तू कशी धरायची याचा वस्तूगणिक वेगळा विचार करून ठेवला होता. फक्त पातेल्याच्या वेळी त्यांना विचार करायला सवड मिळाली नसावी. म्हणून सांडशी आली.

बँकेत तर हा विषय फार गांभीर्याने घेतात. रोकड वाहायच्या लोखंडी पेटीला दोन बाजूंना दोन कड्या असतात. का? तर ती एकट्याने उचलू नये म्हणून! तिजोरीच्या किल्ल्याही दोघांकडे. म्हणजे बघा, कडी कुठे लावली यावरून ती वस्तू एकट्याची की दोघांची, हे ठरतं. ही गोष्ट मला बी.कॉम.च्या पुस्तकात कुठे सापडली नव्हती. ती कळली आमच्या दादांच्या फळीमुळे.

दादा म्हणजे माझे चुलतभाऊ. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. प्राथमिक शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि देवबागला स्वतःच्या घरी राहायला गेले. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधे माणसांना जेमतेम राहायला जागा. अशा गावात निवृत्त माणसाने माडाला पाणी घालावं, पेपर वाचावा आणि कोणी भेटलं की महागाईवर बोलावं. पहिले सहा महिने दादांनी तेच केलं. मग साखर वाढली, डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, आणि दादांनी एका रिसॉर्टवाल्याकडून जुना स्टँड-अप पॅडलबोर्ड विकत घेतला.

हा काय प्रकार असतो ते सांगतो. लांबलचक फळी पाण्यात सोडायची, तिच्यावर उभं राहायचं आणि उंच दांड्याच्या वल्ह्याने वल्हवत जायचं. मूळ हवाई बेटांतलं. वायकीकीच्या किनाऱ्यावर लाटांवर फळ्या चालवणारे लोक होते, त्यांतले काही हातात वल्हं घेऊन उभे राहत. पुढे २००० सालानंतर लेअर्ड हॅमिल्टनसारख्या नामांकित मंडळींनी तो खेळ जगभर नेला. त्याच हवाईतले ड्यूक कहानामोकू, ज्यांनी १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक घेतलं, त्यांची लाटांवरची फळी कोआच्या लाकडाची, १६ फूट लांब आणि ११४ पौंड, म्हणजे जवळजवळ ५२ किलो होती. ती खांद्यावर घेऊन हिंडायचं म्हणजे सुवर्णपदक घेतलेलाच माणूस पाहिजे.

दादांची फळी त्या मानाने अगदीच किरकोळ. वजन १२ किलो. घरगुती सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १४.२ किलो असतो, वर लोखंड वेगळं. तरी आमचा सिलिंडरवाला तीन जिने चढून येतो, कारण सिलिंडरला धरायला कडं असतं. फळीला काहीच नव्हतं. एरवी अशा फळ्यांना मधोमध हात घालायला खाच असते. या फळीला ती मुळातच नव्हती. रिसॉर्टात फळ्या उचलायला दोन पोरं पगारावर होती, त्यामुळे मालकाला ती चैन वाटली असावी.

आता तुम्ही म्हणाल, काखेत मारावी आणि निघावं. नाही जमत. फळीची रुंदी ३२ इंच. माझा हात काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत २७ इंच भरतो. उरलेले पाच इंच कुठून आणायचे? मग डोक्यावर घ्यावी. दादांनी चुंबळ करून तोही प्रयोग केला. पण साडेदहा फूट लांब फळी डोक्यावर घेतली आणि वारा सुटला की ती शिडासारखी वागायला लागते. माडाच्या बागेतून नदीकडे निघालेले दादा अर्ध्या वाटेत गर्रकन फिरून समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, असं शेजारी अजून सांगतात.

शेवटी वहिनींनी मागचं टोक धरलं.

पुढे दोन वर्षं हा नित्यक्रम. सकाळी सहाला दादा पुढे, वहिनी मागे, मधे फळी. वाटेत वहिनींची तक्रार सुरू. चहा व्हायचाय, दूधवाला येऊन जाईल, वयाला शोभतं का हे. काठावर पोचलं की दादा लाइफ जॅकेट घालणार, पायाला दोरी बांधणार आणि फळीवर उभे राहून संथ पाण्यावरून निघणार. वहिनी माडाच्या ओंडक्यावर बसून राहणार. तासाभराने परत वरात घरी.

मी डिसेंबरात एलएफसी घेऊन देवबागला गेलो, तेव्हा या नित्यक्रमाला खीळ बसायची वेळ आली होती. वहिनींचे गुडघे धरले होते. वाळूतून ओझं घेऊन चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी पाय धुऊन पडवीत टेकतो न टेकतो तोच वहिनी म्हणाल्या, “भावजी, ह्यांका सांगा तुमी. त्या फळीक एक कान लावून घेवा म्हणान. नायतर माका तरी सोडा.”

बघा! साहेबांना न सापडलेला शब्द वहिनींना चटकन सापडला.

पण दादा तयार होईनात. कान लावायचा तर फळीला भोक पाडायला लागेल. भोक पाडलं की पाणी आत जाईल. पाणी गेलं की फळी जड होईल. त्यापेक्षा फळी विकलेली बरी! एवढ्या अडचणी आमच्या बँकेतसुद्धा कर्ज मागणाऱ्याला एका दमात कोणी सांगत नाही. मी नवारीचा पट्टा सुचवला. पुढून-मागून फासे टाकायचे आणि खांद्याला लटकवायचं. दादा म्हणाले, वाऱ्यात झोके खाईल. खरं होतं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काउंटरच्या अलीकडे वीस वर्षं काढल्यावर एवढं कळतं की माणूस एका वेळी चार कारणं देतो, तेव्हा खरं कारण पाचवं असतं.

ते रात्री पडवीत बाहेर आलं. वहिनी आत निजल्या होत्या. दादा अडकित्त्याने सुपारी कातरता कातरता म्हणाले, “अरे, कान लागला की ती घरी राहील.” आणि जरा थांबून, “दिवसभर आम्ही दोघं एका घरात असतो. पण बोलणं काय होतं ते तेवढ्याच वाटेवर.”

यावर काय बोलायचं? वाटेवरचं ते बोलणं मी ऐकलं होतं. त्यात दादांच्या वाट्याला फक्त हुंकार होते. पण ज्याचं खातं, त्यालाच त्यातल्या शिलकीची किंमत.

दुसऱ्या दिवशी वहिनींनीच होड्यांचं फायबरचं काम करणाऱ्या मिस्त्रीला बोलावून आणलं. दादांचा हुकमी मुद्दा पाण्याचा. मिस्त्रीने तो शांतपणे ऐकला आणि त्याहून मोठा धोका सांगितला. या फळीच्या आत थर्माकोल आहे. होडीला जे पॉलिस्टर रेझिन लावतात ते त्याला चालत नाही. “हां लावलां तर आतलो थर्माकोल विरघळतलो,” असं म्हणून त्याने टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा एक तुकडा मागितला आणि त्यावर आपल्या डब्यातलं चार थेंब रेझिन सोडलं. डोळ्यांदेखत तुकड्याला खड्डा पडला. वरून चकचकीत, आतून पोकळ! काही कंपन्यांचे ताळेबंद मी असेच पाहिलेले आहेत.

इथे इपॉक्सी पाहिजे होतं. ते दोन डब्यांत येतं आणि ठरल्या प्रमाणातच मिसळावं लागतं. तेही एकदम भांडंभर कालवलं तर आपोआप तापतं, धुरावतं, आणि त्याच्या आचेने पुन्हा थर्माकोलच वितळतो. म्हणून थोडं थोडं कालवायचं. इपॉक्सी आणि आडवी दांडी असलेली प्लॅस्टिकची खोल वाटी कुरिअरने यायला चार दिवस लागले. तोवर दादा खुशीत होते. पाचव्या दिवशी पार्सल आलं आणि दादांनी नाइलाजाने टेप काढला.

मास्तरच ते. लांबी १० फूट ६ इंच, म्हणजे १२६ इंच. निम्मे ६३. तिथे पेन्सिलीने फुली मारली. मिस्त्रीने फुलीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने फळीखाली एक गोल पाइप आडवा ठेवला, मागचं कल्ल्यासारखं फिन जागच्या जागी लावलं, आणि फळी पुढे-मागे सरकवत राहिला. फुली पाइपावर आली तेव्हा फळी मागे कलली. ती नेमकी तोलावर थांबली तेव्हा फुली पाइपाच्या पुढे चार बोटं होती. मी टेप लावला. ३ इंच.

वहिनी दारात उभ्या होत्या. “मी दोन वर्सां सांगतंय, शेपटाकडे वजन जास्त आसा. ह्यांका पटता?”

आता हिशेब आला म्हटल्यावर बी.कॉम. माणसाला गप्प कसं बसवेल? मी पेपरच्या कडेवर आकडेमोड केली. खरा तोल ३ इंच मागे. दोघांनी दोन टोकांना धरलं तर १२ किलोंपैकी दादांच्या हाती येतात ५ किलो ७१४ ग्रॅम आणि वहिनींच्या हाती ६ किलो २८६ ग्रॅम. फरक सुमारे ५७१ ग्रॅमचा. रोजच्या दोन फेऱ्या. पावसाळा वगळून वर्षाच्या धरा २५० सकाळी. अशी दोन वर्षं. एकूण फेऱ्या १०००. म्हणजे वहिनींनी दादांपेक्षा ५७१ किलो जास्त वाहिले. हे बिनव्याजी! दादांनी कागद दोनदा तपासला. मास्तरकीच्या सवयीने चूक शोधली, सापडली नाही, आणि मग मुकाट्याने मिस्त्रीला म्हणाले, “पाड बाबा भोक.”

मिस्त्रीने वरचं कवच कापलं, वाटीच्या मापाने थर्माकोल कोरला, खळग्यात इपॉक्सी भरून वाटी बसवली आणि कडेला फायबरचं कापड लावून पुन्हा इपॉक्सी ओढलं. सुईएवढी फट राहिली तरी पाणी आत शिरतं, म्हणून कडेवरून तो तीनदा बोट फिरवत बसला. एक दिवस वाळवलं, पॉलिश पेपरने घासलं, आणि फळीला कान फुटला. दादांनी दांडीत बोटं घालून ती उचलली, तर कडेवर मुलगी घ्यावी तशी बरोबर कमरेशी येऊन बसली. पुढेही झुकेना, मागेही झुकेना. वजन होतं तेच, १२ किलो. एक ग्रॅम कमी झाला नव्हता. उलट वाटीचा भार वाढलाच होता. पण ज्या ओझ्याला नीट धरता येतं, त्याला ओझं म्हणायला जीभ वळत नाही.

सकाळी सहाला दादा फळी घेऊन एकटेच अंगणात उतरले. चेहरा शाळा सुटल्यावर न्यायला कोणी न आलेल्या मुलासारखा. एवढ्यात मागून वहिनी आल्या, हातात वल्हं. दादांपेक्षा उंच ते वल्हं काठीसारखं टेकत, वाटेच्या टणक कडेने त्या चालू लागल्या. दादा म्हणाले, “अगं, माझा दुसरा हात मोकळा आहे.”

“दोनय हात गुतले तर चश्मो कोण सारको करतलो?” वहिनी म्हणाल्या आणि लगेच दूधवाल्यावर घसरल्या. दादांचा पहिला हुंकार मला पडवीपर्यंत ऐकू आला.

आमच्या बँकेत जोडखाती दोन तऱ्हेची असतात. एकात दोघांच्या सह्या लागतात. दुसरं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कोणीही एकाने सही केली की चालतं, आणि एक गेला तरी मागे राहिलेल्याचं अडत नाही. म्हातारी जोडपी बहुधा दुसऱ्या तऱ्हेचंच खातं उघडतात. फॉर्म भरताना त्या शेवटच्या शब्दाचा अर्थ मला विचारतात, मी सांगतो, आणि मग दोघंही जरा वेळ पंख्याकडे बघतात. इतकी सोय करून दिल्यावर पैसे काढायला एकानेच यावं की नाही? पण पेन्शनच्या दिवशी काउंटरवर बघा. दोघंही रांगेत असतात. एक सही करतो, दुसरी पिशवी धरून उभी. उगाच गर्दी वाढते, म्हणून साहेब कुरकुरतात. मी मात्र दोघांना एकच टोकन देतो.