पहाटेचं पाणी

बाटली बुडवायला मला मामांनी शिकवलं. कोल्हापुरात मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करत होते तेव्हा मामा आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते. पंचगंगेच्या पाण्यात किती प्राणवायू विरघळलेला आहे, हे मोजायचा माझा प्रकल्प होता. पद्धत विंकलरची, १८८८ सालची. पुस्तकात ती दीड पानात मावते. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली तिरकी धरायची, सावकाश भरू द्यायची आणि बूच पाण्यातच लावायचं. माझी पहिली बाटली मामांनी उलटी करून उजेडात धरली. मुगाएवढा एक बुडबुडा वर सरकला.

"पोरी, नदी मोजायची आहे की ही हवा?" ते म्हणाले, आणि बादलीभर पाण्यात त्यांनी माझ्याकडून वीस वेळा ती बाटली भरून घेतली.

ब्युरेटचंही तसंच. थायोसल्फेट थेंबाथेंबाने पडत असतं, निळा रंग फिका होत जातो आणि एका थेंबाला नाहीसा होतो. नेमका त्या थेंबाला हात थांबला पाहिजे. तो थांबवायला मामा माझ्यामागे महिनाभर उभे राहिले.

नदीची वेळ मात्र मला तात्यांनी शिकवली. तात्या भोई, तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी जाळं टाकायचे. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागचं पाणी तुंबून हिरवंगार व्हायचं. मी एसटीने अकराच्या सुमारास पोचायचे आणि नमुने घ्यायचे. आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा निकष आहे. माझे आकडे त्याच्या वरच यायचे. काठावर मात्र मेलेले मासे दिसायचे. कोडं काही सुटत नव्हतं.

तात्यांनी दोन-तीन खेपा माझी धडपड पाहिली आणि मग म्हणाले, "तू अकराला येतीस. मासं पाटं चारला तोंड वर काढत्यात. तुला काय दिसणार?"

दिवसा शेवाळ उन्हावर प्राणवायू तयार करतं. रात्री तेच शेवाळ आणि सांडपाण्यावर पोसलेले जिवाणू तो वापरत राहतात, आणि सूर्योदयाच्या आधी साठा तळाला गेलेला असतो. हे सगळं मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. नमुन्याची वेळ ठरवताना मात्र मी फक्त एसटीचं वेळापत्रक पाहिलं होतं.

त्या रात्री तात्यांच्या घरी मुक्काम केला. काकूंनी साडेतीनला उठवून चहा दिला. बॅटरीच्या उजेडात पाण्याच्या कडेला शेकडो तोंडं उघडमीट करताना दिसली. मी काठावरच बाटलीत रसायनं घातली. एरवी पाण्यात प्राणवायू असला की तपकिरी साका धरतो. या बाटलीत तो पांढरा धरला, म्हणजे प्राणवायू जवळजवळ शून्य. माझा विश्वास बसेना. रसायन बिघडलं असेल असं ठरवून मी तो नमुना तक्त्यात घेतलाच नाही.

विभागात परतल्यावर माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तक्ता बाजूला ठेवला आणि नोंदवही मागितली. तारीख होती, वेळ होती, पाण्याचं तापमान होतं, पुढे मोकळी जागा. त्या रागावल्या नाहीत. "न पटणारा आकडा आधी लिहायचा," त्या म्हणाल्या, "मग तपासायचा. चुकला असेल तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, पण खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे." नवीन रसायनं करून मी पुन्हा गेले. या वेळी तीन बाटल्या भरल्या. तिन्हींत साका पांढराच धरला.

तो निष्कर्ष मी तात्यांच्या अंगणात बसून त्यांना समजावला. बरीच शास्त्रीय वाक्यं झाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे रातच्याला पाण्याचा दम कोंडतोय म्हण की." आजवर कितीतरी ग्रामसभांत मी हेच वाक्य वापरलं आहे, आणि प्रत्येक वेळी पुढचं बोलणं लोकांनी कान देऊन ऐकलं आहे.

आता विद्यार्थी विचारतात, या क्षेत्रात यायचं तर काय काय यायला हवं? रसायनशास्त्र हवं, संख्याशास्त्र हवं, जीआयएस हवं, कायद्याची ओळख हवी. हे सगळं शिकवणाऱ्या संस्था आहेत. मग मी त्यांना पहाटे साडेतीनला नदीवर बोलावते, हातात बाटली देते आणि भरलेली बाटली उलटी करून उजेडात धरते.

माझ्या प्रबंधाला ऋणनिर्देशाचं एक पान आहे. त्यावर मॅडम आहेत, विभागप्रमुख आहेत, ग्रंथालय आहे. मामा आणि तात्या नाहीत. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की त्या दोघांची पूर्ण नावं मी कधी विचारलीच नव्हती, आणि नुसतं 'मामा', 'तात्या' छापणं मला तेव्हा बरं दिसलं नाही. न पटणाऱ्या आकड्यासारखीच ती जागा मी मोकळी सोडली होती. आज ती भरते आहे: मामा, तात्या, आणि साडेतीनला चूल पेटवणाऱ्या काकू.