जवारीची भाकरी आणि खाडीचा मासा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रत्नागिरीला जाऊन आलो. समुद्र पाहायला नव्हे, थोरलीचा रिश्ता पाहायला. मुलगा शिकलेला, घर दीनदार, चुलते कुवेतला, खाडीकाठी चिऱ्याचं घर, एवढं फोनवर कळलं होतं. थोरली बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. निघताना तिने आम्हाला एकच काम सांगितलं. "घर कसं आहे ते सगळेच सांगतात. ती माणसं रोज काय खातात, ते खाऊन या." धाकट्याच्या हातात तिने एक वही दिली आणि वाटेत जे जे खाऊ ते लिहायला बजावलं.

अम्मीची काळजी वेगळी नव्हती. "जवारी की रोटी खानेवाली छोरी, चावल पे कैसा रहेंगी?" असं त्या महिनाभर म्हणत होत्या. त्यांना घरी ठेवून जाण्याचा प्रश्नच नव्हता. डिकीत कुंथलगिरीचे पेढे, शेंगांची चटणी, कारळाची चटणी आणि पाच किलो जवारीचं पीठ असं सामान भरून आम्ही धाराशिव सोडलं. सप्टेंबरातल्या पावसाने कुजलेलं सोयाबीन तुळजापूरपर्यंत रस्त्याच्या कडेला दिसत होतं. यंदा जिल्ह्यात कुणाच्या घरी लग्नाचा विषय काढायचा तर आधी पिकाचं विचारावं लागतं.

सोलापूर ते रत्नागिरी हा रस्ता नकाशावर सरळ दिसतो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट. आमच्या दारापासून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. पण खाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर ही वाट तीन मुलखांतून जाते. आपला मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून तर आपल्या लग्नात बगारा खाना आणि दालचा असतो, घरोघरी खट्टी दाळ होते. सोलापूर ओलांडलं की दालचा मागे राहतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जवारी तीच, तिथल्या मालदांडीला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण भाकरीबरोबरचं कालवण बदललेलं असतं. घाट उतरलं की भाकरीही बदलते.

सोलापुरात आम्ही नाश्त्यापुरतेच थांबलो. कडक भाकरीचा एक गठ्ठा घेतला. ती महिनाभर टिकते आणि अम्मींच्या दातांना चालत नाही, तरी त्यांनीच घ्यायला लावली. परक्या गावात आपलं काहीतरी पिशवीत असावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

लांबच्या प्रवासात मुसलमान कुटुंबाला हॉटेलच्या दारात एक प्रश्न विचारावा लागतो, हे वाचकांना सांगायला नको. मटण हलाल आहे का? पूर्वी हा प्रश्न पाणी थंड आहे का, इतक्या सहज विचारता यायचा. मार्च २०२५ मध्ये झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा झाली, त्यानंतर तो विचारताना आपलाच आवाज खाली येतो. सांगोल्याच्या पुढे एका ढाब्यावर विचारलं, तर वेटरचा चेहरा उतरला आणि तो मालकाला बोलावतो म्हणून गेला तो आलाच नाही. आम्ही उठलो. पुढच्या ढाब्यावर गल्ल्यावरचे काका म्हणाले, "आमच्याकडे आजोबांपासून मुलाण्याचंच असतंय. काय काळजी करू नका."

हे काका जे बोलले त्यात मोठा इतिहास आहे. गावगाड्यात मुलाणी हा हक्काचा माणूस होता. गावात बकरं कापायचं तर ते हलाल करायला त्याला बोलवायचे आणि त्याबद्दल त्याला ठरलेला वाटा मिळायचा. मुलाण्याने कापल्याशिवाय मटण न शिजवणारी हिंदू घरं आमच्या लहानपणापर्यंत आम्ही पाहिली आहेत. वर्गात बलुतेदारी शिकवताना सुतार, लोहार, कुंभार मुलं घडाघडा सांगतात. मुलाणी मात्र आम्हालाच सांगावा लागतो.

त्या ढाब्यावर आम्ही मटण खाल्लंच नाही, कारण शेजारच्या टेबलावर अख्खा मसूर दिसला. सांगली-कोल्हापूरकडचा हा पदार्थ आपल्याकडे कुणी फारसं करत नाही. सालीसकट मसूर, भरपूर कांदा-लसूण, वर तेलाचा तवंग आणि सोबत रोटी. धाकट्याने वहीत लिहिलं, "दाळ आहे पण मटणासारखी लागते."

कोल्हापुरात मुक्काम होता. तिथे तांबडा-पांढरा खाल्ल्याशिवाय कुणी पुढे जाऊ देत नाही. तांबडा रस्सा आपल्याला नवा नाही, तिखटाला मराठवाडा घाबरत नाही. पांढऱ्याने मात्र अम्मींना थांबवलं. त्यांनी वाटी नाकाशी नेली, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "ये तो यखनी है." खरंच होतं. मटण शिजवलेल्या पाण्याला तिथे अळणी म्हणतात, आपण यखनी म्हणतो. त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू वाटून घातले की पांढरा रस्सा झाला. आपल्याकडे याच पाण्यात तांदूळ पडून पुलाव होतो. सकाळी दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगची इमारत बाहेरून पाहिली. शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये हे बोर्डिंग सुरू झालं. आम्ही उभयता मास्तरकी करणारे, त्यामुळे अशा इमारतीसमोर पाय रेंगाळतातच. अम्मी गाडीतून हॉर्न वाजवायला सांगत होत्या.

आंबा घाटाबद्दल काही लिहीत नाही. रस्त्याचं काम चालू होतं आणि धाकट्याला दोनदा उलटी झाली.

त्या घरी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. हातपाय धुतो न धुतो तोच असरची जमात उभी राहिली, आमच्या हिशेबापेक्षा पाऊण तास आधी. कोकणी मुसलमान शाफई, आपण हनफी. पुस्तकात वाचलेला फरक असा घड्याळात भेटला. रात्री तो दस्तरखानावरही आला.

बांगड्याचं कालवण होतं, तळलेली सुरमई होती, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि मधोमध एका मोठ्या ताटात चिंबोऱ्या. अम्मींनी आमच्याकडे पाहिलं. सूरह माइदामध्ये समुद्रातली शिकार हलाल ठरवली आहे, हे दोन्ही मसलकांना मान्य आहे. पण शाफई उलेमा त्यात समुद्रातले बाकीचे जीवही धरतात, हनफी फक्त मासळी धरतात. खेकडा आपल्यात चालत नाही. कोळंबी मासळीत गणायची की नाही, यावर तर हनफी उलेमांतच मतभेद आहेत. आमचे हात थांबलेले पाहून मुलाची आई पटकन म्हणाल्या, "ते ताट आमच्या मुलांसाठी आहे हो. तुमच्यासाठी वेगळ्या भांड्यात केलंय. माझी जाऊ मिरजेकडची आहे, हनफी. आमच्या घरात दोन पळ्या पहिल्यापासून आहेत."

बांगडा आम्हाला आवडला. काटे काढायला वेळ लागला, एवढंच. सकाळी त्यांनी सांदण केलं. तांदळाचं फुगवलेलं पीठ, नारळाचं दूध, थोडी साखर, वाट्यांत भरून वाफवलेलं, आणि सोबत झणझणीत मटणाचं सालन. गोड आणि तिखट एका घासात खायचं आम्हाला जमेना. धाकट्याने सहा खाल्ली.

मग अम्मी चुलीपाशी गेल्या. आपल्या पिठाची भाकरी करून दाखवायची त्यांची फार इच्छा. पहिली थापली ती काठाला तडकली. त्यांनी पीठ बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, विरी गेली. आधण ठेवून उकळत्या पाण्यात पीठ मळलं, मग भाकरी टम्म फुगली. मुलाची आजी पाहत होत्या. म्हणाल्या, आम्ही तांदळाच्या पिठाला नेहमीच असं आधण देतो. दोघी तासभर परातीपाशी बसल्या. एक दखनीत बोलत होती, दुसरी कोकणीत, आणि अडलं की दोघी मराठीवर यायच्या.

आमचं खरं बोलणं झालं ते त्या मिरजेच्या जावेशी, विहिरीपाशी. त्या स्पष्ट बोलल्या. "पहिलं वर्ष भात पाहिला की मला रडू यायचं. माहेरून पीठ आणायचे, इथल्या दमट हवेत पंधरा दिवसांत त्याला वास यायचा. मग जवारी आणायला लागले आणि इथेच दळून घ्यायला लागले. खाण्याची सवय होते. पण सगळ्या कोकणीत बोलायच्या, हसायच्या, आणि कशावर हसल्या ते मला कळायचं नाही. ते दोन वर्षं चाललं. मुलीला हे आधी सांगा." नोकरीचं विचारलं तर म्हणाल्या, "मला कुणी अडवलं नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. तुम्ही विचारा."

आम्ही विचारलं. मुलाचे वडील म्हणाले, रत्नागिरीत औषधांची दुकानं भरपूर आहेत, तिने जरूर करावं. मुलाची आई काही बोलल्या नाहीत. त्यांनी आमच्या पानात आणखी एक बांगडा वाढला.

घरी आल्यावर थोरलीने वही वाचली. अख्ख्या मसुराला हसली, सांदणाची कृती दोनदा विचारली. विहिरीपाशी झालेलं बोलणं आम्ही जसंच्या तसं सांगितलं, मुलाच्या आईचं गप्प राहणंही सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या जावेचा नंबर द्या. मी स्वतः बोलते." आता आठवड्यातून एकदा दोघींचं बोलणं होतं. काय बोलतात ते आम्हाला सांगत नाही. परवा मात्र अम्मींना कोकणीत काहीतरी म्हणाली आणि अम्मींना ते कळलं नाही म्हणून हसत सुटली.

उत्तर आम्ही अजून दिलेलं नाही. जानेवारीत ती मंडळी इकडे येणार आहेत, मुलाच्या आईसुद्धा. वाटेत कुठे काय खाता येईल, हे त्यांनी विचारलं, तेव्हा त्या काकांच्या ढाब्याचा पत्ता कळवला आणि सोलापुरात विजापूर वेशीत जेवायला सांगितलं. अम्मींनी गल्लीतल्या कसायाला आत्ताच सांगून ठेवलं आहे: बोकड उस्मानाबादीच हवा, काळा, वर्षाच्या आतला.